चतुराचे पाणी

वाचकहो, श्रावणात ऊन पडले, की आपल्या दाराशी उभ्या असलेल्या काळ्या किंवा तांबड्या मोटारीकडे थोडा वेळ पाहत राहा. एखादा चतुर तिच्या टपावर घिरट्या घालीत शेपटीचे टोक पुन्हा पुन्हा पत्र्याला टेकविताना दिसण्याचा संभव आहे. आम्हां करोल बागेतील रहिवाशांना हे दृश्य नवे नाही. मोटारी सजविणाऱ्या दुकानांचीच ही वस्ती. येथील पत्रा आरशाप्रमाणे लखलखत असतो. "आई, तो गाडीला सुया टोचतोय," असे माझ्या धाकटीने मला सांगितले. सुया नव्हेत, ती मादी अंडी घालीत होती.

तिला तेथे पाणी दिसत होते. सूर्यप्रकाशाच्या लहरी सर्व दिशांनी आंदोलत असतात. परंतु पाण्यावरून तो तिरपा परावर्तित झाला, म्हणजे त्यात मुख्यतः आडवी आंदोलने उरतात. यालाच ध्रुवित प्रकाश म्हणतात. (भाषांतर करताना हा शब्द लिहिला, की मला हटकून ध्रुवबाळ आठवतो, त्याचा येथे काहीएक संबंध नाही.) आपल्या डोळ्यांना हा भेद जवळजवळ कळतच नाही. कीटकांच्या नेत्रपेशींत मात्र प्रकाश टिपणारे रेणू सूक्ष्म नलिकांत ओळीने मांडलेले असतात, म्हणून त्यांना तो कळतो. ढगांतून निळ्या आकाशाचा एवढासा तुकडा दिसला, तरी मधमाशी तेवढ्यावरून सूर्याची दिशा ओळखते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४९ साली दाखविले.

१९२१ मध्ये विलायतेहून बोटीने परतताना रामन यांनी निकोल लोलकातून समुद्र न्याहाळला. पृष्ठभागावरची ध्रुवित चकाकी त्यांनी त्या लोलकाने दूर केली, तरीही पाणी निळेच दिसले. म्हणजे तो रंग आकाशाची उसनवारी नव्हता. त्यांना ज्यासाठी लोलक लागला, ते चतुराला उपजतच साधलेले असते. चकाकणारा गडद पत्राही प्रकाश तसाच आडवा ध्रुवित करतो. तांबड्या आणि काळ्या मोटारी जलकीटकांना भुलवितात, हे हंगेरीतील संशोधकांनी २००६ साली सिद्ध केले. त्या तापलेल्या पत्र्यावर अंडी वाळून जातात.

आमच्या घरी यावरून मोठा वाद झाला. मुलींचे म्हणणे, गच्चीत पाण्याचे घमेले ठेवावे. चतुराची पिले डासांच्या अळ्या खातात, मग बिघडले कोठे? गेल्या वर्षी थोरलीला डेंग्यू झाला होता. ते दिवस मी विसरलेली नाही. डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत पाण्याबाहेर पडतो आणि चतुराच्या पिलाला महिन्याहून अधिक काळ लागतो. पाणी आठवड्याला ओतावे, तर पिले मरणार. न ओतावे, तर डास वाढणार. मी घमेल्याला नकार दिला. धाकटी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग तिनेच शेजारच्या सरदारजींकडे जाऊन त्यांच्या काळ्या मोटारीला खादीची जुनी चादर घालण्याची गळ घातली. खरबरीत कापडावरून प्रकाश विखुरतो, पाण्याचा भास होत नाही. सरदारजींनी चादर घातली खरी. विचारले, तर म्हणतात, धुळीसाठी.