दोन तारखांची वजाबाकी

आमच्या धंद्यात एक वाईट खोड लागते. कुठलीही साइट उघडली की मजकुराआधी नजर जाते ती वरच्या पत्त्याच्या शेपटीकडे. पीएचपी आहे, जेएसपी आहे की एएसपीएक्स? शेपूट दिसलं की आत काय शिजत असेल याचा अंदाज बांधायचा. परवा शनिवारी जुना लॅपटॉप साफ करताना एक सेव्ह केलेलं पान सापडलं, एएसपीएक्सवालं. मोखाड्याच्या एका गावातल्या रोजगार हमीच्या मजुरांची यादी. म्हटलं, चला, यावर लिहूनच टाकू.

दोनेक वर्षांपूर्वी माझा एक मित्र तिकडे कामाला होता. कसाऱ्याला उतरायचं, खोडाळ्यामार्गे मोखाडा. पावसाळ्यात मुंबई-पुण्याची मंडळी धबधबे बघायला जातात तोच हा भाग, पण दिवाळीनंतर गेलात तर गावं अर्धी रिकामी दिसतात. नागली-वरई निघाली की पुढे काम नाही, म्हणून माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीवाला आधी उचल देतो आणि मग सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. ही पायपीट थांबावी म्हणूनच तर गावात रोजगार हमी हवी. आणि ही कल्पना मूळची आपलीच बरं का. वि. स. पागे यांची योजना, ७२ च्या दुष्काळात वाढली, १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. देशाचा कायदा व्हायला २००५ उजाडलं.

मित्राने मला तालुका, ग्रामपंचायत, जॉबकार्ड असं एकेक निवडत आत नेलं. आमच्या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबतो. तुम्ही बघता ते पान कुठेच तयार ठेवलेलं नसतं. तुम्ही गाव निवडता, सर्व्हरवरचा प्रोग्राम डेटाबेसला प्रश्न विचारतो, मजुरांचं टेबल, हजेरीपटाचं टेबल, पैशाचं टेबल एकत्र जोडतो आणि त्या क्षणापुरतं पान रचून तुमच्याकडे पाठवतो. एएसपी डॉट नेट २००२ साली आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने हेच काम खूप सोपं करून दिलं होतं: बटण ठेवा, ग्रिड ठेवा, मागे कोड लिहा. नंतर आम्ही त्या व्ह्यूस्टेटला भरपूर शिव्या घातल्या. प्रत्येक क्लिकला ते गाठोडं सर्व्हरपर्यंत नेऊन परत आणायचं, आणि मोखाड्याच्या रेंजमध्ये हे म्हणजे डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढणं! पण देशभरातल्या कोट्यवधी जॉबकार्डांचा हिशोब त्या पद्धतीने चालत होता, आणि मुख्य म्हणजे तो कुणालाही उघडून बघता येत होता. कागदी हजेरीपट बघायचा तर आधी कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते शोधावं लागायचं. याबद्दल त्या साइटला माझे शंभर गुण.

तिथे शेजारी बसलेल्या एका मावशींनी साधा प्रश्न विचारला. "दादा, काम संपलं, पैसं कवा?"

कायद्यात उत्तर होतं. हजेरीपट बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी. सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर रोज ०.०५ टक्के भरपाई. म्हणजे दीड हजार अडकले असतील तर दिवसाला ७५ पैसे. हसू नका, मुद्दा रकमेचा नाहीये. उशीर झाला हे सरकारने स्वतःच्या वहीत लिहून ठेवणं, याला किंमत आहे.

आता गंमत बघा. काम संपलं की मोजमाप, मग नोंदी, मग मजुरीची यादी, मग निधी हस्तांतरणाचा आदेश आणि त्यावर दोन डिजिटल सह्या. इथपर्यंत राज्याचं काम. पुढे केंद्राकडून पैसे सुटतात आणि खात्यात पडतात. दोन्ही टप्प्यांच्या तारखा नोंदलेल्या असायच्या. पण भरपाईची आपोआप होणारी वजाबाकी पहिल्या टप्प्यापाशी थांबायची! आदेश वेळेत निघाला की हिशोबात उशीर शून्य, मग पैसे खात्यात महिन्याने का येईनात.

राजेंद्रन नारायणन, साकिना धोराजीवाला आणि राजेश गोलानी या संशोधकांनी हे आकड्यांनिशी दाखवलं. त्यांनी दहा राज्यांमधले २०१६-१७ चे नव्वद लाखांवर व्यवहार तपासले, तेही याच सार्वजनिक नोंदींवरून. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. स्वराज अभियानच्या खटल्यात मे २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मजुराला पंधरा दिवसांत मजुरी मिळायलाच हवी आणि दुसऱ्या टप्प्यातल्या उशिराची जबाबदारी केंद्राला झटकता येणार नाही.

माझ्यासारख्याला यातलं काय टोचतं सांगू? तो कोड लिहायला अवघड नव्हता. डेटडिफ नावाचं फंक्शन, दोन तारखा द्यायच्या, दिवस मोजून मिळतात. दुसऱ्या जागी कुठली तारीख घालायची, एवढाच प्रश्न. आणि तो प्रश्न प्रोग्रामर सोडवत नाही. कुठल्या तरी मीटिंगमध्ये ठरतं, रिक्वायरमेंटच्या कागदात एक ओळ येते, आपण ती इमानेइतबारे उतरवतो, टेस्टिंगमध्ये हिरवा टिक मिळतो, शुक्रवारी रिलीज, मग पार्टी. आपल्या बँकेच्या, विम्याच्या प्रोजेक्टांत रोज हेच तर करतो आपण. फरक इतकाच की तिथे चुकीच्या तारखेवर बोंब मारायला ग्राहकाकडे वकील असतो.

त्या मावशींना मी डेटडिफ समजावणार होतो की काय! मित्राने त्यांना आदेशाची तारीख वाचून दाखवली आणि म्हणाला, "मावशी, इथून पुढं दिल्लीकडं आहे." त्या म्हणाल्या, "भट्टीवाला रविवारी येतोय उचल घेऊन." आणि उठून गेल्या.

असो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. शंभराऐवजी १२५ दिवसांची हमी, पैशांची केंद्र-राज्य विभागणीही नवी. वर्तमानपत्रांत नावावरून बरंच रण माजलं. मी मात्र वाट बघतोय ती त्याच्या पोर्टलवरच्या विलंब अहवालाची. शेपूट एएसपीएक्स असो नाहीतर आणखी काही, उघडल्यावर आधी शेवटच्या तारखेचा कॉलम बघणार आहे.