आमच्या गावचे छायाचित्रकार

गावाचा कारभार चालविणारी माणसे आपल्याला ठाऊक असतात. पोस्टमन पत्रे आणून देतो, वैद्य औषध देतो, तलाठी जमिनीची नोंद ठेवतो. परंतु गावाची आठवण कोण सांभाळतो, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. सोलापूर जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी हे काम एका मनुष्याने सुमारे चाळीस वर्षे केले. ते आमच्या गावचे छायाचित्रकार. लहानथोर सारेच त्यांना अण्णा म्हणत.

पेठेतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर अण्णांचा स्टुडिओ होता. तो माझ्या शाळेच्या वाटेवर असल्यामुळे माझे पाय आपोआप तिकडे वळत. सुट्टीच्या दिवशी आडावरून पाणी आणून देण्याचे काम मी मोठ्या हौसेने करी. त्यामुळे त्यांची कला मला अगदी जवळून पाहावयास मिळाली.

स्टुडिओत शिरताच समोर रंगविलेला एक मोठा पडदा दिसे. त्यावर संगमरवरी जिना, कमानी, कारंजे आणि दूर एक सरोवर होते. आमच्या कोरड्या गावात कारंजे कोणी पाहिले होते? पण नवी जोडपी त्या पडद्यापुढे उभी राहत आणि क्षणभर राजवाड्यात वावरत. बाजूला एक लाकडी खांब, एक कुंडी, लहान मुलांसाठी उंच तिवई आणि भिंतीवर आरसा व कंगवा. उत्तरेकडील मोठ्या खिडकीतून येणारा सौम्य उजेड अण्णांना फार प्रिय होता. "दिवा माणसाला दिपवतो, उत्तरेचा उजेड माणसाला ओळखतो," असे ते म्हणत.

छायाचित्रणाची कला तशी फार प्राचीन नव्हे. १८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांची छायाचित्र घेण्याची रीत जाहीर झाली आणि त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. शहरातून ही कला हळूहळू तालुक्याच्या गावी पोहोचली. पण खेडोपाडी तिच्याविषयीचे भय पुष्कळ दिवस टिकून राहिले. छायाचित्र काढल्याने आयुष्य कमी होते, असे मानणारी म्हातारी माणसे माझ्या लहानपणीही होती. अण्णा त्यांना हसत नसत. "आजी, तुमच्या नातवाला मांडीवर घेऊन बसा. चित्र त्याचे काढतो," असे म्हणून ते दोघांचेही चित्र घेत.

चित्र घेणे हे काम क्षणाचे. खरे श्रम त्यानंतर सुरू होत. माडीच्या एका कोपऱ्यात काळ्या कापडाने बंद केलेली अंधारी खोली होती. फिल्म धुताना तेथे उजेडाचा किरणही चालत नसे. कागदावर चित्र उमटविताना मात्र तांबडा दिवा लावता येई, कारण त्या कागदावर तांबड्या उजेडाचा परिणाम होत नाही. उजेड दिलेला कोरा कागद अण्णा द्रावणाच्या थाळीत सोडीत आणि थाळी हलकेच डोलवीत. मी श्वास रोखून पाहत राही. प्रथम काळे केस उमटत, मग डोळे, मग ओठांची कड आणि शेवटी सारा चेहरा वर येई. जणू कोणी पाण्याच्या तळातून आपल्याला भेटावयास येत आहे! त्यानंतर तो कागद 'हायपो'च्या द्रावणात ठेवला जाई; त्यामुळे चित्र टिकून राही. पुढे पुष्कळ पाण्याने तो धुवावा लागे. धुण्यात कसूर झाली, तर काही वर्षांत चित्र पिवळे पडते. माझ्या बादल्यांचे महत्त्व मला असे समजले.

अण्णांकडे एक जाड वही होती. प्रत्येक निगेटिव्हला क्रमांक देऊन त्याच्यापुढे नाव, गाव आणि तारीख ते सुवाच्य अक्षरांत लिहीत. रात्री कितीही उशीर झाला, तरी वही भरल्यावाचून ते घरी जात नसत.

स्टुडिओखेरीज त्यांचे आणखी एक काम होते. जिल्ह्याच्या एका दैनिकाला ते आमच्या तालुक्यातील बातम्यांची छायाचित्रे पाठवीत. जत्रा, कुस्तीचा फड, बाजार समितीची निवडणूक, ओढ्याला आलेला पूर, घरांना लागलेली आग, अशा ठिकाणी खांद्याला कॅमेरा अडकवून सायकलवरून येणारे अण्णा हमखास दिसत. त्या कॅमेऱ्यात घातलेल्या एका फिल्मवर बाराच चित्रे निघत. फिल्म महाग आणि मिळणेही कठीण. म्हणून अण्णा आधी खूप वेळ पाहत आणि मग एकदाच कळ दाबीत. संध्याकाळी घाईघाईने चित्र तयार करून, जाड कागदात गुंडाळून, ते एस. टी.च्या वाहकाच्या हाती देत. दैनिकाच्या कचेरीत त्याचा जस्ताचा ठसा बनविला जाई आणि एक-दोन दिवसांनी आमच्या गावचे चित्र साऱ्या जिल्ह्यात पोहोचे. त्या काळच्या वर्तमानपत्रातील चित्र भिंगातून पाहिले, तर ते लहानमोठ्या काळ्या ठिपक्यांचे बनलेले दिसे. मोबदला मिळे तो फिल्मच्या खर्चापुरता. चित्राखाली नाव येईच असेही नाही.

ही दोन कामे पाहता पाहता माझ्या मनात एक शंका उत्पन्न झाली. त्या काळी पुष्कळांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असत. लग्नासाठी छायाचित्र काढावयास आलेल्या मुलीच्या निगेटिव्हवर अण्णा तासन् तास काम करीत. व्रणाची सावली निगेटिव्हवर फिकट दिसते. तेथे अणकुचीदार शिसपेन्सिलीने बारीक ठिपके भरले, की छापील चित्रात ती जागा उजळते. असे ते एकेक व्रण सौम्य करीत. परंतु वर्तमानपत्रासाठी काढलेल्या चित्रावर मात्र ते पेन्सिल टेकवीत नसत. एकदा मी विचारले, "अण्णा, एका चित्रात डाग पुसता आणि दुसऱ्यात राहू देता, असे का?"

पेन्सिलीला टोक काढता काढता ते म्हणाले, "घरी लावायचे चित्र त्या माणसाचे असते. तिथे त्याचे मन राखावे. वर्तमानपत्रातले चित्र सगळ्यांचे असते. तिथे खोटे चालत नाही."

या उत्तराचा पुरता अर्थ मला पुढे उमगला. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. आमच्या भागात विहिरी आटल्या, कडब्यावाचून जनावरे दावणीला खंगली. लोक परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी खात आणि सरकारी कामांवर मिळणाऱ्या सुकडीवर मुले वाढत. रस्ते, बंधारे आणि पाझर तलाव यांची कामे ठिकठिकाणी निघाली होती. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. म्हणजे तुमच्याच वयाचा. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एके दिवशी अण्णा पाझर तलावाच्या कामावर चित्र घ्यावयास निघाले आणि त्यांची पिशवी धरण्यासाठी मी सोबत गेलो. दैनिकाच्या कचेरीतून निरोप आला होता, की रडणारी, खंगलेली माणसे दिसतील असे चित्र पाठवा.

भर उन्हात शेकडो माणसे राबत होती. बायका डोक्यावर मातीच्या पाट्या घेऊन बांध चढत होत्या. पुरुष खडी फोडीत होते. बाभळीला बांधलेल्या झोळ्यांत तान्ही मुले झोपली होती. कॅमेरा पाहताच काही बायकांनी पदराने तोंड झाकले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मान फिरविली. त्याच्या घरी कधी काळी चार बैल होते, हे गावाला ठाऊक होते. अण्णांनी कॅमेऱ्यावर झाकण घातले आणि ते त्या लोकांजवळ जाऊन बसले. पाऊस, पोरेबाळे, मजुरी अशा गोष्टी निघाल्या. तासाभराने एक तरुण मजूर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात हातोडी, स्वतः होऊन म्हणाला, "अण्णा, आमच्या तोंडाचा फोटो काढून काय मिळणार? त्या पिपाचा काढा. सकाळपासून त्यात पाणी नाही."

अण्णा उठले. रिकामे पीप, त्याच्यापुढे पालथ्या घागरींची रांग, मागे भेगाळलेली जमीन आणि पिपाशेजारी उभा असलेला तो तरुण, असे चित्र त्यांनी घेतले. ते घेताना त्यांनी त्याची परवानगी विचारली. दैनिकाला रडणारा चेहरा मिळाला नाही. पण ते चित्र छापून आले, आणि त्याच आठवड्यात कामावर पाण्याचा टँकर नियमाने येऊ लागला. तो चित्रामुळे आला, असे अण्णा कधी म्हणाले नाहीत. "पाणी आले ना? मग झाले," एवढेच ते म्हणत.

दोन वर्षांनी एके दुपारी एक बाई स्टुडिओत आली. सोबत दोन लहान मुले होती. दाराशीच उभी राहून ती म्हणाली, "अण्णा, आमच्या मालकांचा फोटो पाहिजे. ते गेले. घरात एकबी फोटो नाही. पिपाजवळ तुम्ही काढला होता म्हणं."

अण्णांनी मुकाट्याने जाड वही उघडली. दुष्काळाच्या वर्षाची पाने चाळून त्यांनी क्रमांक शोधला आणि ती निगेटिव्ह उजेडात धरली. त्या तरुणाचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा होता. "उद्या संध्याकाळी या, आक्का," ते म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "कोट आणि पटका घालून देऊ का? रंगवून घेता येतो. पुष्कळजण तसे करून घेतात."

बाई क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "नको. कोट त्यांनी कधी अंगाला लावला नाही. डोईचा टॉवेल राहू द्या. पोरांना कळू द्या, बापानं खडी फोडून घर जगवलं."

त्या रात्री मी तांबड्या दिव्याखाली उभा होतो. थाळीतून तो चेहरा वर आला. इतका मोठा केल्यामुळे तो काहीसा रवाळ झाला होता. गालावर धूळ होती, टॉवेलची गाठ सैल झाली होती. अण्णांनी सवयीने पेन्सिल हाती घेतली, बराच वेळ पाहिले आणि ती परत ठेवून दिली. घरातले चित्र आणि वर्तमानपत्रातले चित्र, दोन्ही त्या दिवशी एकच झाली होती. दुसऱ्या दिवशी बाई आली तेव्हा अण्णांनी नेहमीचा दर सांगितला आणि तिने पदराच्या गाठीतून तेवढे पैसे मोजून दिले. फुकट दिलेले चित्र तिने घेतले नसते, हे ते जाणून होते.

आपल्या देशाच्या इतिहासातील मोठे प्रसंग टिपणारे नामवंत छायाचित्रकार होऊन गेले. मुंबईत कलेचे शिक्षण घेतलेल्या होमाई व्यारावाला यांनी १९४७ सालच्या स्वातंत्र्यसोहळ्याची छायाचित्रे घेतली आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान लाभला. लहान गावच्या छायाचित्रकारांच्या वाट्याला असे प्रसंग येत नाहीत. त्यांच्या वाट्याला येते ते बारसे, लग्न, शाळेतील निरोपसमारंभ आणि एखादे रिकामे पीप. परंतु त्यांनी टिपले नसते, तर या गोष्टी घडल्या होत्या याची खूणही मागे उरली नसती.

अण्णा आता नाहीत. तो रंगीत पडदाही नाही. काळी-पांढरी फिल्म गेली, रंगीत आली आणि तीही मागे पडली. आज घरोघरी दूरध्वनीतच कॅमेरा असतो आणि बारा चित्रे तर एका श्वासात निघतात. ही सोय मोठी आहे. तिचा आनंद अवश्य घ्यावा. मात्र मुलांनो, पुढच्या वेळी कोणाचे चित्र घ्याल, तेव्हा आधी त्या माणसाजवळ थोडे बसा. त्याला ते चित्र हवे आहे का, हे विचारा. घेतलेल्या चित्राशी नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा. कोण जाणे, कित्येक वर्षांनी कोणी तरी दाराशी उभे राहून नेमका तोच एक चेहरा मागेल.