माठाला बर्फ कोण घालतं?

दाजींची बदली भुसावळला झाली आणि त्यांची माशांची टाकी माझ्या गळ्यात पडली. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ती सहा वर्षं सुखात नांदत होती. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. ‘‘तीनशे लिटर पाणी लागतं, बाकी काही त्रास नाही,’’ दाजी म्हणाले. हे ते मार्चात म्हणाले होते, हे मला एप्रिलात आठवलं.

छोटा हत्ती ठरवला. रिकामी टाकी गाद्यांमध्ये गुंडाळली, अकरा गोल्डफिश झाकणाच्या दोन बादल्यांत घातले, वर सेलवर चालणारा एअर पंप. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि उसाच्या डबल ट्रॉलीमागे अडकलो. शिरूरला पोचेपर्यंत माझा एक हात बादलीवर आणि जीव टांगणीला. तरी अकराही मासे धड पोचले. सगळ्यात मोठा चांगला वीतभर.

घरी एकच भिंत एवढ्या लांब टाकीला पुरेल अशी मोकळी होती, प्लगही तिथेच होता. लोखंडी स्टँडवर पाणी, काच, खडे मिळून चारशे किलोच्या वर वजन, म्हणजे एकदा ठेवली की हलवायचं नाव नको. ती भिंत पश्चिमेची आहे, ही गोष्ट तेव्हा माझ्या लेखी बिनमहत्त्वाची होती. दाजींच्या जुन्या क्वार्टरला हातभर जाड भिंती आणि उंच छत. आमचं घर म्हणजे वर उघडा स्लॅब आणि पश्चिमेला दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत ऊन.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. मला वाटलं भूक लागली. मी खाणं टाकलं. त्यांनी आणखी तोंडं उघडली, मी आणखी टाकलं. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं गढूळ. मग भुसावळला फोन.

‘‘दाजी, लई खादाड आहेत हो हे.’’

‘‘खादाड नाहीत, धापा टाकतायत ते. पाण्यात थर्मामीटर आहे ना, बघा जरा.’’

चौतीस. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा, विशीच्या आसपास खूश असतो, हे मला त्या दिवशी कळलं. पंचवीस अंशाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर प्राणवायू विरघळतो, चौतीसला जेमतेम सात. फरक एवढासाच वाटतो. पण पाणी तापलं की माशाच्या शरीराचा कारभारही जोरात चालतो आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे आवक घटली, खर्च वाढला. त्यात मी टाकलेलं खाणं कुजत होतं आणि कुजणंही प्राणवायूच खातं. मी माशांना जेवू घालून गुदमरवत होतो.

‘‘आधी खाणं बंद करा आणि तिसरा हिस्सा पाणी बदला,’’ दाजी म्हणाले. कधी बदला, हे ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. दुपारचे अडीच वाजले होते. मी गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या नळाला पाइप लावला आणि शंभर लिटर पाणी सोडलं. पाइप हातात गरम लागत होता. पाइपच उन्हात तापला असेल, असं मी मनाशी म्हटलं. थर्मामीटर सदतिसावर गेला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. संध्याकाळपर्यंत तीन मासे गेले. मुलीने परसात जास्वंदीखाली खड्डा केला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्यानंतर मी बर्फाच्या मागे लागलो. फ्रिजरमध्ये लिटरच्या बाटल्या गोठवून पाण्यात सोडायच्या. एका बाटलीने तीनशे लिटर पाणी किती उतरावं? अर्धा अंशसुद्धा नाही. मग एसटी स्टँडजवळच्या रसवंतीवाल्याकडून पाच किलोचा तुकडा आणला. ‘‘पाहुणे का?’’ त्याने विचारलं. मी हो म्हणालो. मासे आहेत म्हणून सांगायचा धीर झाला नाही. बर्फ पिशवीत बांधून टाकीत सोडला, कारण तो कसल्या पाण्याचा असेल याचा भरवसा नव्हता. पाऊण तासात पारा दीड-पावणेदोन अंश उतरला. मासे खाली गेले. मी चहा घेतला. चार वाजता पुन्हा चौतीस, मासे पुन्हा वर. असं सहा दिवस. पाणी दिवसातून दोनदा गार-गरम होत होतं आणि नुसत्या उकाड्यापेक्षा हे हेलकावे माशांना जास्त जाचतात, हेही दाजींनीच फोनवर सुनावलं.

पुण्यात एका दुकानात चिलरची किंमत विचारली. दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यात माझी जुनी दुचाकी आली असती. एसी लावावा तर तो तासाला एक-दीड युनिट खाणार, आणि बिल भरताना घरात कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

आईने हे सगळं खाटेवरून पाहिलं होतं. सातव्या दिवशी मी बर्फाची पिशवी घेऊन आलो तेव्हा ती माठाला गुंडाळलेलं फडकं भिजवत होती. म्हणाली, ‘‘माठाला बर्फ कोण घालतं रे?’’

तिला एवढंच म्हणायचं होतं. मी मात्र रात्री वही घेऊन बसलो. एक किलो बर्फ वितळून टाकीच्या पाण्याइतका कोमट होईपर्यंत साधारण 110 किलोकॅलरी उष्णता ओढतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडून जाताना 580. म्हणजे टाकीतलं लिटरभर पाणी उडालं, तर पाच बाटल्या गोठवल्याचं काम फुकट झालं. आणि शिरूरच्या उन्हाळ्यातल्या दुपारी, पारा 40 च्या पुढे असताना, हवा इतकी कोरडी असते की वाळत घातलेला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. ही हवा पाणी प्यायला टपलेलीच होती. मीच टाकीवर काचेचं झाकण आणि त्यात ट्यूबलाइट लावून तिची वाट अडवली होती. वीस किलोमीटरवर रांजणगाव. नावातच रांजण असलेल्या गणपतीला मी दर चतुर्थीला जातो, आणि ही गोष्ट मला सुचू नये!

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून जुन्या कॅबिनेटचे दोन पंखे आणले, भंगारच्या भावात. बारा व्होल्टचे, तळहाताएवढे. बंद पडलेल्या राउटरचा अ‍ॅडॅप्टर घरात होता. झाकण काढलं, दिवा काढला, वर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली, नाहीतर मासे उडी मारतात. पंखे एका कडेला, थोडे तिरके, वारा पाण्याला घासून जाईल असे. नेमका पाण्यावर वारा लागला की पृष्ठभागावर शहारा येतो, तसा शहारा दिसेपर्यंत कोन बदलत राहिलो. फिल्टरच्या पाण्याची धारही वर उचलली, म्हणजे पाणी खळखळतं आणि प्राणवायूही मिसळतो.

पहिल्या दुपारी चौतीसच्या जागी एकतीस. तिसऱ्या दिवसापासून तीस, कधी साडेएकोणतीस. गोल्डफिशला हे अजूनही गरमच, पण धापा थांबल्या. दोन पंख्यांची मिळून वीज महिन्याला चार युनिटांच्या आत. लाइट गेली तर इन्व्हर्टरला पत्ताही लागत नाही.

पाणी मात्र रोज सेंटिमीटरभर खाली जातं, म्हणजे जवळपास पाच लिटर. सव्वीस-सत्तावीस बाटल्या बर्फाचं काम. ते भरून काढायलाच हवं, आणि इथे मी पुन्हा ठेचकाळलो. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. आमच्या बोअरचं पाणी आधीच जड. दोन आठवडे नुसती भर घालत राहिलो तर काचेवर चुन्याची पांढरी रेघ उमटली. आता भर घालायला नगरपरिषदेचं नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेलं, आणि आठवड्याला पाचवा हिस्सा बदल, तोही पहाटे. शिवाय मागच्या काचेला थर्माकोल आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून हिरवी शेडनेट. या शेडनेटने एक अंश तरी वाचवला असेल. ती आधी लावायला हवी होती.

मेच्या शेवटी वळीव पडून गेला आणि हवेत दमटपणा आला. बाहेर पारा छत्तीसवर उतरला, आणि टाकी मात्र एकतीसच्या वर गेली. पंखे तेच, वेगही तोच. मी बिघाड शोधत बसलो. आई म्हणाली, ‘‘माठपण आज कोमटच आहे.’’ ते चार-पाच दिवस रात्री सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या, खाणं एक दिवसाआड केलं आणि तेवढ्यावर भागवलं. बर्फ नाही आणला.

आता आठ मासे आहेत. पावसाळ्यात पंखे बंद केले तरी काढून माळ्यावर टाकलेले नाहीत, ऑक्टोबरचं ऊन बाकी आहे. कोणाच्या घरी उन्हाळ्यात अशी टाकी येणार असेल तर एकच सांगणं: दुपारी पाणी सोडायच्या आधी पाइपाच्या तोंडाशी हात धरून बघा.