ओट्याची ऊब आणि मंगळाचा दगड

१/ बुलढाणा जिल्ह्यातील धाड गावी वैशाखातल्या रात्री दगडी ओट्यावर बसणाऱ्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. शेतातली सैल, कोरडी माती केव्हाच निवलेली असते. दगड मात्र दिवसभराचे ऊन जपून असतो. अंधारात हा भेद डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला कळतो.

२/ या अदृश्य उष्णतेचा माग १८०० साली विल्यम हर्शेल यांना लागला. लोलकातून सूर्यप्रकाश फोडून त्यांनी एकेका रंगात तापमापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वाधिक चढला. तेच अवरक्त किरण.

३/ आज हे किरण टिपणारे संवेदक अवकाशयानांवर असतात. यान उडाले की दुरुस्तीला सहसा कोणी जात नाही. म्हणून परीक्षा आधीच. त्यासाठी संगणकात कृत्रिम देखावा रचतात. पृष्ठभाग किती तापला, कोणत्या तरंगलांबीवर किती किरण सोडतो, वाटेतल्या हवेने किती गिळले, भिंगाने किती धूसर केले, उपकरणाने स्वतःची किती खळबळ मिसळली, हे क्रमाने मोजून संवेदकाला काय दिसेल ते आधीच ताडायचे.

४/ गणित चोख असते. पण दगडाचा गुणधर्मच चुकीचा घातला, तर चोख गणितही चुकीचेच उत्तर देते. मग मंगळासारखा, आघात सोसलेला दगड पृथ्वीवर शोधायचा कुठे?

५/ धाडच्याच जिल्ह्यात, लोणारला. दोन्हीकडचा खडक एकाच घराण्यातला: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. मंगळाचा बराच पृष्ठभागही बेसाल्टचाच. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर यांनी लोणार पाहिले. पुढे ज्वालामुखी की उल्का, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७३ साली फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये आघाताचा पुरावा मांडला. त्यातला मोठा साक्षीदार म्हणजे मॅस्केलिनाइट.

६/ हे प्रकरण मोठे विलक्षण. आघाताच्या दाबाने फेल्डस्पार न वितळताच काचेसारखा होतो. बाहेरून स्फटिकाचा घाट तोच, आतली रचना मोडलेली. वाड्याच्या भिंती उभ्या आणि आतले घर रिकामे, तसे.

७/ २०११ साली शॉन राइट, फिलिप क्रिस्टेन्सन आणि थॉमस शार्प यांनी लोणारच्या अशा दगडांचा अवरक्त वर्णपट प्रयोगशाळेत मोजून प्रसिद्ध केला. क्रिस्टेन्सन हे ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’वरील उष्णता-वर्णपटमापकाचे प्रमुख होते. स्फटिक फेल्डस्पारच्या वर्णपटातल्या ठळक खाचा आघातानंतर बोथट होतात. हा नमुना संग्रहात नसेल, तर मंगळावरचा तसाच खडक संगणक भलत्याच खनिजांच्या नावे मांडू शकतो. आणि त्यावरून रचलेला ग्रहाचा इतिहासही फसतो.

८/ लोणार सरोवर २०२० साली रामसर यादीत आले, याचा आनंदच आहे. पण आघाताने उधळलेल्या दगडांची चादर काठाबाहेरही पसरली आहे, शेतांखाली आणि वस्तीखालीही. तिथे विहीर खणताना निघालेला भुरकट धोंडा मुरूम समजून रस्त्यात दाबला गेला, तर त्याचा वर्णपट पुन्हा कोणी मोजणार नाही.