टेनिस न खेळणाऱ्याचा कोपर

आजारांतही खानदानी आणि सामान्य असे दोन वर्ग असतात. पडसं, मोडशी, खरूज ही मंडळी रॉकेलच्या रांगेतली. उलट ‘टेनिस एल्बो’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिरवळ, पांढरी पँट आणि लिंबू सरबताचा उंच ग्लास उभा राहतो. असला घरंदाज आजार माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाकडे मुक्कामाला यावा, हे माझ्या शेजाऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. माझा टेनिसशी संबंध एवढाच, की गच्चीवर पोरं टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतात आणि तो चेंडू आमच्या तुळशीत सापडतो.

“जिमखान्यावर जाता वाटतं हल्ली?” शेजारच्या काकांनी विचारलं. ‘आमच्यापासून लपवलंत ना!’ हे वाक्य त्यांच्या भुवयांवर होतं.

वास्तविक भानगड अगदी साधी आहे. कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा एक उंचवटा असतो. मनगट वर उचलणारे स्नायू तिथे कंडरेने बांधलेले असतात. तीच ती हालचाल वर्षानुवर्षं केली, की ती कंडरा जुन्या पासबुकाच्या शिवणीसारखी उसवते. मग हातात रॅकेट असो, शिक्का असो की माऊस, कंडरेला सगळे सारखेच. वयाची अटही ठरलेली : साधारण तीस ते पन्नास. बहुतेक लोक विश्रांती, पट्टा आणि व्यायाम यांवर बरे होतात. दहांतल्या एखाद्याला शस्त्रक्रिया लागते. घरांच्या सोडतीत माझा नंबर आजवर कधी लागला नाही. इथे बरोबर लागला! वर्षभर सगळे उपाय झाल्यावर डॉक्टरांनी कोपर उघडला, कंडरेचा खराब भाग काढला, उरलेला नीट केला आणि हात झोळीत घालून मला घरी पाठवलं.

उजवा हात झोळीत गेला की माणसाला डाव्या हाताची लायकी कळते. त्याला दात घासता येत नाहीत, शर्टाचं वरचं बटण लागत नाही, आणि वरण-भाताचा घास तो कानाच्या दिशेने नेतो. सहीचं तर विचारूच नका. घरखर्चाच्या चेकवर मी डाव्या हाताने केलेली सही पाहून आमचे हेडकॅशिअर म्हणाले, “ही सही पास करायची म्हणजे माझी नोकरी जायची.” मी घरी येऊन बायकोला नियम समजावून सांगितला. आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठा चालतो. हाताचा नसेल जमत, तर पायाचाही चालतो. फक्त दोन साक्षीदार हवेत, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी.

“अहो, मग आधी पाय तरी धुऊन घ्या,” ती म्हणाली.

रजेत वाचायला वेळ मिळाला, तेव्हा मोठाच घोटाळा उघडकीला आला. हे दुखणं वैद्यकीय कागदपत्रांत पहिल्यांदा नोंदवलं रुंगं नावाच्या जर्मन डॉक्टरने, १८७३ साली. आणि कशाच्या संदर्भात? तर लिहून लिहून हात आखडणाऱ्यांच्या! मेजर विंगफील्डने लंडनमध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं १८७४ साली. पुढे १८८२मध्ये मॉरिस नावाच्या डॉक्टरने या दुखण्याला ‘लॉन टेनिस आर्म’ म्हटलं. म्हणजे बघा, मूळ खातं आम्हा लेखणीवाल्यांचं. नऊ वर्षांनी ते टेनिसवाल्यांच्या नावे वर्ग झालं, आणि तेही आमची सही न घेता!

भेटायला येणारे मात्र सचिन तेंडुलकरचं उदाहरण घेऊनच येत. त्याचं हेच ऑपरेशन मे २००५मध्ये लंडनला झालं आणि २५ ऑक्टोबरला नागपुरात त्याने श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढल्या. “पाच महिन्यांत!” काका मला बजावत, जणू श्रीलंकेचा संघ आमच्या काउंटरवर येऊन थांबला होता.

दोन महिन्यांनी वजनाचे व्यायाम सुरू झाले. हात टेबलाच्या कडेवर टेकवायचा, तळवा खाली, मुठीत अर्धा किलो, आणि मनगट वर-खाली. डंबेल आणण्याऐवजी मी साखरेचा पुडा घेतला. पाचव्या वेळेला घाम फुटला. हा हात पुन्हा पाण्याची बादली उचलेल का, ही भीती तोवर मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. तेवढ्यात बायकोने दुसरा पुडा घेतला आणि माझ्यासमोर बसून मनगट हलवू लागली.

“अगं, तुला काय झालंय?”

“पोळ्या लाटताना, धुणं पिळताना इथे कळ येते.” तिने बोट ठेवलं ते नेमकं त्याच उंचवट्यावर. “झाली दोन वर्षं.”

“मग बोलली नाहीस ती?”

“काय बोलायचं? पोळपाट-कोपर झालाय म्हणून रजा कोण देणार?”

काकांच्या हिशेबाने ती तर विम्बल्डनच जिंकलेली असणार. दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्याच डॉक्टरांकडे नेलं. तिला शस्त्रक्रिया नको, विश्रांती आणि व्यायाम पुरे, असं ते म्हणाले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

आता रोज सकाळी आम्ही दोघं समोरासमोर साखर जोखतो. माझा हात अर्धी बादली उचलतो. तिच्या विश्रांतीसाठी पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून येतात. तिथल्या बाई सकाळपासून एकटीने लाटत असतात. पोळ्या घेताना मी सुट्टे पैसे देतो, हवापाण्याचं बोलतो. त्यांच्या कोपराची चौकशी करायचं धैर्य मात्र अजून झालेलं नाही.