प्रश्न विचारण्यापूर्वी

शासकीय चौकशीत प्रश्नावली सदोष असेल, तर तिच्यावर उभा राहणारा अहवालही सदोषच होतो. भिलाईजवळील चरोदा येथे, मालगाड्यांच्या विस्तीर्ण यार्डालगतच्या वस्तीत, काही शाळकरी मुलांना ऐतिहासिक व्यक्तींच्या काल्पनिक मुलाखतीसाठी प्रश्न लिहिण्यास शिकविण्याचा योग आला, तेव्हा हा अनुभव उपयोगी पडला.

मुलाखतीसाठी निवडले ते माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांना. मातृभाषा मराठी, पण लेखणी हिंदीच्या सेवेत. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि कुटुंबीयांच्या आग्रहाखातर माफीनामा देऊन ते सुटले. पुढे ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले.

मुलांचे पहिले प्रश्न अपेक्षितच होते: आपला जन्म कोठे झाला? मासिक कधी निघाले? ज्याचे उत्तर पुस्तकात आहे तो प्रश्न खोडावा, हा पहिला नियम ठरला. मग एका मुलाने लिहिले, ‘आपण घाबरून माफी मागितली ना?’

यात प्रश्न कमी आणि निकालच अधिक होता. कायद्याच्या भाषेत असा प्रश्न ‘सूचक’ ठरतो. सरतपासणीत विरुद्ध पक्षाने हरकत घेतल्यास न्यायालयाच्या परवानगीवाचून तो विचारता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे बंधन २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. दुसरा नियम त्यावरून सुचला: उत्तर आपणच प्रश्नात भरू नये.

बऱ्याच खाडाखोडीनंतर त्याच मुलाचा प्रश्न असा झाला: ‘सही करण्यापूर्वी आपल्यासमोर कोणकोणते मार्ग होते, आणि प्रत्येकाची किंमत कोणाला मोजावी लागणार होती?’

सप्रे आता उत्तर देणार नाहीत, हे खरे. परंतु असा प्रश्न हाती असला, की पत्रे, वृत्तपत्रांच्या जुन्या फायली, खटल्याचे कागद यांत नेमके काय शोधावे हे कळते. पहिल्या प्रश्नाने मात्र शोधण्याची गरजच संपविली होती.

सुनावणीस आलेल्या माणसाजवळ पुष्कळदा एवढीच मागणी असते की, निकाल देण्यापूर्वी आपणास खरोखर काही विचारले जावे. ही मुले उद्या कोणत्याही खुर्चीवर बसोत. समोरच्याला दोषी धरून प्रश्न विचारू नये, एवढे त्यांच्या ध्यानी राहिले, तरी इतिहासाचा तो तास सार्थकी लागला असे मी मानीन.