सागाखालचा आवाज

फणस उतरवण्याआधी आजोबा तो बोटांच्या पेरांनी वाजवून पाहायचे. कच्चा टण् वाजतो, तयार झालेला भद्द. झाडाखाली उभं राहून शिकलेल्या त्या दोन आवाजांवर आज माझं पोट चालतं, तेही सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी, अलमेडाच्या यार्डात. फणस भद्द वाजला की घरात आनंद व्हायचा. बोटीचा डेक भद्द वाजला की माझ्या पोटात गोळा येतो.

मी जुन्या शिडाच्या बोटी तपासतो. घेणाऱ्याच्या बाजूने बोट आतून-बाहेरून पाहायची, वाजवायची, पाण्याबाहेर काढून तिच्या पोटाखाली शिरायचं आणि दिसलं ते लिहून द्यायचं.

गेल्या वसंतात पुण्याकडचं एक जोडपं आलं. दोघंही नोकरीत, सहा वर्षांची मुलगी. दोन बोटी त्यांनी हेरून ठेवल्या होत्या, एक टायाना 37 आणि एक कॅटालिना 36. "काका, लांबी जवळजवळ सारखीच, मग कुठली घ्यायची?" नवरा म्हणाला. बायको गप्प होती, पण तिच्या फोनवर टायानाचेच फोटो होते.

लांबीवर जाऊ नये. कॅटालिनाचं वजन सुमारे 6 टन, टायानाचं 10 टनांच्या वर, आणि या 4 टनांतच दोघींचा सगळा स्वभाव आहे. कॅटालिना 36 कॅलिफोर्नियात फ्रँक बटलर यांच्या कारखान्यात 1982 पासून बनू लागली. रुंद पोट, आत ऐसपैस जागा, मागे वेगळी झोपायची खोली, खाली पंखासारखी शिशाची कील बोल्टांनी आवळलेली. टायाना रॉबर्ट पेरी यांनी 1970च्या दशकात आखली आणि ती तैवानमध्ये बांधली गेली. मागची बाजू पुढच्यासारखीच निमुळती. कील, म्हणजे आमच्या कोकणातलं पठाण, लांबच लांब, आणि सुकाणू तिच्याच मागच्या कडेला टेकलेलं. वजनाचं लोखंड फायबरग्लासच्या पोटात बंद, त्यामुळे कीलच्या बोल्टांची काळजीच नाही. या जातीच्या बोटींनी पृथ्वीप्रदक्षिणा केल्या आहेत. समुद्र ओलांडायला मला कुणी बोट निवडायला सांगितली तर धडधाकट टायानाकडे मी आधी बोट दाखवीन.

आणि तिच्यावर साग असतो. सागासमोर माझं मन हळवं होतं. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागाचं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज बांधलं, ते 1817 साली पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. पण तिथे साग हेच जहाजाचं अंग आहे. इथे तो अंगावरचा शेला. बोटभर जाडीच्याही नसलेल्या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी फायबरग्लासवर बसवलेल्या, फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलक्या लाकडाचा गाभा. पट्ट्यांमधली काळी सांध वेळच्या वेळी भरली नाही, की एकेक स्क्रू पाण्याला आत जायची वाट करून देतो.

त्या सकाळी टायानाच्या डेकवर मी गुडघ्यांवर बसून प्लॅस्टिकच्या हातोडीने डोलकाठीच्या पायथ्यापासून सुरुवात केली. टण्, टण्, टण्. शेजारी सात-आठ बोटांवर भद्द. खडूने गोल केला. पुन्हा टण्, मग भद्द, भद्द. तासाभरात उजव्या बाजूचे सगळे गोल एकमेकांना मिळाले. मी एक लाकडी गुडदी काढून खालचा स्क्रू फिरवला. तो न कुरकुरता, दोन बोटांनी बाहेर आला. टोकाला तपकिरी पाणी होतं आणि त्याला भिजून कुजलेल्या पाचोळ्याचा वास येत होता. ती माझ्या बाजूला येऊन बसली, हातोडी मागून घेतली आणि स्वतः वाजवू लागली. "इथेही, काका," ती म्हणाली. मग हातोडी खाली ठेवली. आतलं सागकाम मात्र आरशासारखं चकाकत होतं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं व्हार्निश मन लावून केलं होतं, सांधी भरल्या नव्हत्या.

कॅटालिनाचे फोटो कुणी काढत नाही. पडदे उडालेले, डेक साधा पांढरा. क्रेनने वर उचलली तेव्हा कील जिथे पोटाला मिळते तिथे पुढच्या बाजूला केसासारखी चीर दिसली. धंद्यात हिला 'स्माइल' म्हणतात, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याचा चेहरा उतरतोच. त्याचाही उतरला. आम्ही आतली फळी उचलली. बोल्टांच्या नटांवर वरवरचा गंज होता, भोवतालचा भाग घट्ट आणि कोरडा. सांधा उघडून साफ करायचा, भरायचा, बोल्ट ठरल्या ताकदीने आवळायचे, यार्डाचं काही दिवसांचं काम. डेकवर ताटलीएवढी एकच जागा भद्द. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा जुन्या झाल्या होत्या, त्या बदलाव्या लागणार होत्या. टायानाच्या डेकला मात्र साग उपसून, गाभा काढून, नवा घालायचा होता. त्यात दोन उन्हाळे सहज गेले असते.

मग मी त्यांना पाण्याचं विचारलं. कुठे जाणार? "हवाईला," तो लगेच म्हणाला. इथून हवाई सुमारे 2100 सागरी मैल. मी विचारलं, "गेल्या वर्षी दोघांना मिळून सलग किती दिवस मोकळे मिळाले?" त्याने तिच्याकडे पाहिलं. "नऊ," ती म्हणाली.

म्हणजे त्यांचं पाणी हेच, उपसागराचं. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाची मधली खोरी तापतात, समुद्रावरची थंड हवा गोल्डन गेटमधून आत ओढली जाते आणि दुपारी 20-25 नॉट वारा सुटतो. आखूड, उभ्या लाटा. त्यांत टायाना जड पावलांनी शांत चालते, कॅटालिना आपटते, आणि तिचं शीड लवकर कमी करावं लागतं, हे मी अहवालात लिहिलं. पण संध्याकाळी आडव्या वाऱ्यात बोट मागे घेऊन धक्क्याला लावताना लांब पठाणाची टायाना ऐकत नाही, आणि त्या वेळी एकाचे हात मुलीत गुंतलेले असणार.

मी कॅटालिना घ्या असं लिहून दिलं. निरोगी डेकची टायाना असती आणि दोघांना सलग वर्ष मोकळं असतं, तर उलट लिहिलं असतं.